गतीचे नियम : पाठांतराच्या पलीकडे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम' हा आहे. जूनमध्ये शाळा उघडते, वह्यांना कव्हरे घालून होतात न होतात तोच हा धडा मुलांच्या पुढ्यात येतो. न्यूटनचे तीन नियम, प्रत्येकाचे एक-दोन उदाहरण, काही सूत्रे आणि त्यांवरची गणिते असा त्याचा पसारा. मुले नियम पाठ करतात, परीक्षेत जसेच्या तसे उतरवतात आणि गुणही मिळवतात. परंतु थोडासा आडवा प्रश्न आला की पाठांतराची दोरी तुटते.

वास्तविक अडचण इथून पुढे सुरू होते. मूल एकदा अडखळले, दोनदा अडखळले की घरात एक निर्णय आपोआप होऊन जातो : 'सायन्स आपल्याला झेपायचे नाही.' कलाशाखा किंवा वाणिज्य शाखा कमी प्रतीची आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्ही स्वतः कलाशाखेचेच पदवीधर आहोत. पण आवडीने निवडलेली वाट वेगळी आणि एक धडा नीट न कळल्यामुळे बंद झालेले दार वेगळे. आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, इंजिनिअरिंग या साऱ्या वाटांवर विज्ञानाची पायरी उपयोगी पडते. म्हणून हा एक धडा आपण सर्वांनी, विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही, शांतपणे समजून घ्यावा असा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पाढे आणि साधा गुणाकार-भागाकार यापलीकडे काही लागणार नाही.

तीन प्रश्न

पुढे वाचण्यापूर्वी खालील तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत.

१) एका मुलाने चेंडू सरळ वर फेकला. चेंडू हातातून सुटला आहे आणि अजून वर चालला आहे. या क्षणी चेंडूवर वरच्या दिशेने बल आहे काय?

२) विहिरीतून भरलेला पोहरा एकाच संथ वेगाने वर येत आहे. दोराचे वरचे बल जास्त, की पोहऱ्याचे खाली ओढणारे वजन जास्त, की दोन्ही सारखी?

३) बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतात, तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी पुढे जाते कशी?

बहुतेकांची उत्तरे साधारण अशी येतात : पहिल्याचे 'होय, म्हणून तर चेंडू वर जातो', दुसऱ्याचे 'दोराचे जास्त, नाही तर पोहरा वर कसा येईल?' आणि तिसऱ्याला गप्प बसणे. पहिली दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण ती का चुकीची आहेत आणि तरीही ती इतकी खरी का वाटतात, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दोन हजार वर्षांचा समज

ग्रीसमध्ये इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल हा थोर विचारवंत होऊन गेला. त्याने असे मांडले की, वस्तूला हलते ठेवायचे असेल तर कोणीतरी तिला सतत ढकलत किंवा ओढत राहिले पाहिजे. ढकलणे थांबले की हालचाल थांबते. हातगाडी ओढणाऱ्या कोणालाही हे पटेल. मग हातातून सुटलेला दगड पुढे का जातो? तर हवा त्याला मागून ढकलते, असे उत्तर त्याने दिले. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते, हाही त्याचाच सिद्धांत.

पुढे चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात जाँ बुरीदाँ नावाच्या पंडिताने ॲरिस्टॉटलचे हे हवेचे उत्तर नाकारले. त्याचे म्हणणे असे की, फेकणारा दगडाच्या ठायी एक प्रकारचा जोर भरून देतो आणि तो जोर दगडाला पुढे नेतो. आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे मुलांनी दिलेले उत्तर आठवा. 'हाताचे बल चेंडूत शिरले आहे' असे म्हणणारा नववीतला विद्यार्थी बुरीदाँच्याच वाटेने विचार करीत असतो. तेव्हा असे उत्तर देणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ज्या ठिकाणी त्याचा पाय अडकला त्याच ठिकाणी मानवजातीतले विद्वान सुमारे दोन हजार वर्षे अडकून पडले होते. ही चूक बुद्धीच्या कमतरतेची नाही. ती डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवण्याची आहे.

हा गुंता इटलीतल्या गॅलिलिओने (१५६४–१६४२) सोडवायला घेतला. त्याच्याकडे सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. त्याने लाकडी फळीला खोबण पाडली, फळी उतरती ठेवली आणि तीतून काशाचा गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू दिले आणि जमलेल्या पाण्याचे वजन केले. पाणी जितके जास्त तितका वेळ जास्त! या साध्या सामग्रीवर त्याला आढळले की, पहिल्या कालखंडात गोळा १ माप जातो, तर तेवढ्याच दुसऱ्या कालखंडात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७ मापे. म्हणजे एकूण अंतर १, ४, ९, १६ असे वाढते. हे सारे त्याने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

त्याचा दुसरा विचार अधिक मोलाचा आहे. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. चढ कमी केला तर तीच उंची गाठायला तो अधिक लांब जातो. आणखी कमी केला तर आणखी लांब. चढ अजिबात काढून टाकला, जमीन सपाट केली, तर? त्याला थांबायचे कारणच उरत नाही. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असेल तर तो जातच राहील. ॲरिस्टॉटल विचारीत होता, 'वस्तू चालत का राहते?' गॅलिलिओने प्रश्नच उलटा केला : 'वस्तू थांबते का?'

शिल्लक आणि व्यवहार

याच पायावर इंग्लंडच्या आयझॅक न्यूटनने १६८७ साली आपला 'प्रिन्सिपिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात तीन नियम सांगितले. पहिला नियम असा : वस्तूवर असंतुलित बल नसेल तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात.

हा नियम बँकेच्या पासबुकावरून चांगला समजतो. समजा, एका खात्यात १००० रुपये शिल्लक आहेत. व्याजाचा विचार तूर्त बाजूला ठेवू. वर्षभर कोणी पैसे भरले नाहीत, काढलेही नाहीत. वर्षाअखेर शिल्लक किती? १००० रुपयेच. शिल्लक टिकवण्यासाठी व्यवहार लागत नाही. शिल्लक बदलण्यासाठी व्यवहार लागतो. वेग म्हणजे शिल्लक आणि बल म्हणजे व्यवहार, एवढे मनात पक्के धरले की निम्मा धडा समजला.

आता समजा, त्या खात्यातून रोज १० रुपये कोणीतरी गुपचूप कापून घेत आहे आणि त्याची नोंद पासबुकात होत नाही. खातेदार रोज १० रुपये भरतो आणि शिल्लक १००० राहते. भरणे थांबवले की शिल्लक उतरू लागते. असा खातेदार कालांतराने ठामपणे सांगू लागेल की, 'शिल्लक टिकवायची तर रोज १० रुपये भरावेच लागतात!' हा खातेदार म्हणजेच ॲरिस्टॉटल. आणि ती गुपचूप होणारी कपात म्हणजे घर्षण.

सपाट रस्त्यावर आपण सायकल एकसारख्या वेगाने चालवतो तेव्हा पायडल मारावेच लागते. ते वेगासाठी नव्हे. रस्ता, बेअरिंग आणि हवा मिळून जी कपात करतात तिची भरपाई म्हणून. पुढे ढकलणारे बल आणि मागे खेचणारे घर्षण सारखे झाले की दोन्ही मिळून शून्य होते. यालाच संतुलित बले म्हणतात. शून्य बल म्हणजे शून्य वेग नव्हे; शून्य बल म्हणजे वेगात शून्य बदल.

जिथे कपात नाही तिथे काय होते, तेही मानवाने पाहिले आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने 'व्हॉयेजर-१' हे यान सोडले. आज ते सूर्यमालेतील ग्रहांच्या फार पलीकडे, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्याला पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही. सूर्याचे दूरवरून होणारे किंचित आकर्षण सोडले तर त्याची शिल्लक कापणारेही कोणी नाही.

वेगाला दिशाही असते, हे विसरता कामा नये. दिशा बदलणे हाही बदलच. गोफणीतला दगड गोल फिरतो तो दोरी त्याला सतत आत ओढते म्हणून. दोरीचे एक टोक सोडले की तो त्या क्षणीच्या दिशेने सरळ निघून जातो. घाटात एस.टी. वळण घेते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकलो जातो असे वाटते. प्रत्यक्षात आपल्याला कोणी फेकत नाही. आपले शरीर सरळ जाऊ पाहते आणि गाडी वळते, इतकेच.

दुसरा नियम : किती बलाने किती बदल?

पहिला नियम बदलासाठी बल लागते असे सांगतो. किती लागते ते दुसरा सांगतो. दर सेकंदाला वेग जितका बदलतो त्याला त्वरण म्हणतात. सूत्र असे :

बल = वस्तुमान × त्वरण

१ किलोग्रॅमच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका बदलायचा तर १ न्यूटन बल लागते. १ न्यूटन म्हणजे किती, हे हाताला कळावे म्हणून १०० ग्रॅमची साबणाची वडी तळहातावर ठेवावी. तिचे वजन जवळजवळ १ न्यूटन असते.

येथे वस्तुमान आणि वजन यांतला फरक समजून घ्यावा. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्य. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते; ते न्यूटनमध्ये मोजतात. १ किलो साखरेला पृथ्वी ९.८ न्यूटनने ओढते, १० किलोच्या पिशवीला ९८ न्यूटनने. मग दहापट बल असूनही पिशवी दहापट वेगाने का पडत नाही? कारण हलवायचे द्रव्यही दहापट आहे. ९८ भागिले १० बरोबर ९.८ आणि ९.८ भागिले १ बरोबर ९.८. दोघांचेही त्वरण तेच. २ ऑगस्ट १९७१ रोजी 'अपोलो-१५' मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकदमच जमिनीवर पडले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला आहे. हातातून सुटल्यावर त्याच्या खात्यात एकच व्यवहार चालू राहतो : गुरुत्वाकर्षणाची दर सेकंदाला ९.८ ची वजावट. हवेचा अडथळा सोडून दिला तर हिशेब असा होतो :

सुरुवातीस वेग १९.६ (वर)
१ सेकंदानंतर ९.८ (वर)
२ सेकंदांनंतर ०
३ सेकंदांनंतर ९.८ (खाली)
४ सेकंदांनंतर १९.६ (खाली)

चेंडू वर जात होता तो शिल्लक होती म्हणून, वरचे बल होते म्हणून नव्हे. आणि सर्वांत उंच जागी शिल्लक शून्य झाली तरी वजावट थांबलेली नाही. म्हणून तर पुढच्याच क्षणी शिल्लक उलट्या बाजूला जाते. 'सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती?' हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. शून्य असे लिहून अनेक मुले गुण घालवतात. उत्तर आहे ९.८, खालच्या दिशेने.

दुसरा प्रश्न पोहऱ्याचा. पोहरा आणि पाणी मिळून १० किलो असेल तर वजन ९८ न्यूटन. पोहरा एकाच संथ वेगाने वर येतो आहे, म्हणजे वेगात बदल नाही. बदल नाही म्हणजे असंतुलित बल नाही. म्हणजे दोरही बरोबर ९८ न्यूटननेच ओढतो आहे. दोन्ही सारखी! फक्त थांबलेला पोहरा हलवताना, पहिल्या हिसक्याला, दोर ९८ पेक्षा थोडा अधिक ओढतो. तेवढीच काय ती शिल्लक जमा होते. पुढे तीच चालू राहते.

तिसरा नियम : बैलगाडीचे कोडे

दोन वस्तू एकमेकींवर बल लावतात तेव्हा ती बले सारखी आणि विरुद्ध दिशेची असतात. 'क्रिया बलास समान व विरुद्ध प्रतिक्रिया बल असते' हे वाक्य सर्वांना पाठ असते; पण त्यातला एक बारकावा सुटतो. ही दोन बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. शेजाऱ्याच्या खात्यातली जमा आपल्या खात्यातल्या नावेशी वळती होत नाही, त्याप्रमाणे ही दोन बले एकमेकांना रद्द करीत नाहीत.

गाडीपुरते पाहू. गाडीला बैल पुढे ओढतात आणि चाकांचे घर्षण मागे खेचते. ओढ जास्त असेल तर गाडी हलते. बैलांपुरते पाहू. गाडी त्यांना मागे ओढते. पण बैल खुरांनी जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल पुढे पाऊल टाकतात. ही गोष्ट शेतकऱ्याला शाळेत न जाताही ठाऊक असते. चिखलात खूर घसरू लागले की बैल कितीही तगडे असोत, गाडी जागची हलत नाही. तिथे बैलांची ताकद कमी पडत नाही. जमिनीचा रेटा मिळत नाही. एरवी वेग खाणारे घर्षण इथे चालायला मदत करते, हेही लक्षात घ्यावे.

हा नियम भल्याभल्यांना चकवतो. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' या मोठ्या वृत्तपत्राने रॉबर्ट गोडार्ड या शास्त्रज्ञाची संपादकीयातून थट्टा केली होती. निर्वात पोकळीत रेटायला काहीच नाही, तेव्हा तिथे रॉकेट कसे चालेल, असा त्यांचा आक्षेप. वास्तविक रॉकेट हवेला रेटत नाही. ते स्वतःचाच जळालेला वायू मागे रेटते आणि तो वायू रॉकेटला पुढे रेटतो. 'अपोलो-११' चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक दुरुस्त केली. तेव्हा एखाद्या मुलाला तिसरा नियम समजायला आठवडा लागला तर काळजीचे कारण नाही.

एक पद्धत

परीक्षेत बलाचे कोणतेही उदाहरण आले तर विद्यार्थ्यांनी असे करावे. एकच वस्तू निवडावी आणि तिचे छोटे चित्र काढावे. मग विचारावे, 'या क्षणी या वस्तूला कोण ओढते किंवा ढकलते आहे?' प्रत्येक बलापुढे ते लावणाऱ्याचे नाव लिहावे : पृथ्वी, दोर, जमीन, हवा, हात. नाव सांगता येत नसेल तर ते बल खोडून टाकावे. ज्या व्हाउचरवर सही नाही ते पास होत नाही, तसेच हे. वर जाणाऱ्या चेंडूवरच्या 'वरच्या बलापुढे' कोणाचे नाव लिहिणार? हात तर केव्हाच सुटला. व्हाउचर नामंजूर!

रस्त्यावरची परीक्षा

या धड्याची एक परीक्षा शाळेबाहेरही होते आणि तिथे पुनर्परीक्षेची सोय नसते.

समजा, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी १० मीटरवर थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला तर थांबायला २० मीटर नव्हे, ४० मीटर लागतात. गॅलिलिओचा १, ४, ९ चा हिशेब इथे उलटा भेटतो. शिवाय धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत १ सेकंद गेला असे धरले तर पहिली गाडी एकूण २० मीटरवर आणि दुसरी ६० मीटरवर थांबेल. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. रस्ता ओला असेल तर त्याहूनही अधिक.

आता हेल्मेट. सव्वा मीटर उंचीवरून डोके खाली आपटले तर जमिनीला लागताना वेग सेकंदाला जवळजवळ ५ मीटर असतो. म्हणजे उभ्या गाडीवरून तोल गेला तरी एवढा वेग येतो. डोक्याचे वस्तुमान सुमारे ५ किलो धरू. कठीण रस्त्यावर डोके अडीच मिलिमीटरच्या आत थांबले तर सरासरी बल २५,००० न्यूटन होते. हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर चेपला जाऊन तेच डोके २५ मिलिमीटरमध्ये थांबले तर बल २,५०० न्यूटन. थांबण्याचे अंतर दहापट, बल एक दशांश. हेल्मेटचे सारे रहस्य त्या चेपणाऱ्या थरात आहे. म्हणून आतला थर नसलेली नुसती टोपी घालणे किंवा पट्टा न लावणे म्हणजे पोलिसाला दाखवण्यापुरते हेल्मेट घालणे होय. पट्टा नसेल तर जडत्वामुळे हेल्मेट एकीकडे जाते आणि डोके दुसरीकडे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १२९ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

मोटारीत पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणारे पालक आपण नेहमी पाहतो. 'मी घट्ट धरले आहे' असे ते म्हणतात. हिशेब करू. मूल १० किलोचे, मोटारीचा वेग ताशी ३६ किलोमीटर आणि धडकेत ती ०.१ सेकंदात थांबली. वेगातील बदल १०, भागिले ०.१, त्वरण १००. गुणिले १० किलो म्हणजे १००० न्यूटन. हे जवळजवळ १०० किलोचे वजन झाले, सिमेंटची दोन पोती! क्षणार्धात दोन पोती झेलणारे हात कोणाचेही नसतात. इथे आईच्या मायेचा प्रश्न नाही. दुसऱ्या नियमाचा आहे. मुलाची जागा मागच्या सीटवर, मुलांसाठीच्या पट्ट्याच्या आसनात.

मुंबईत लोकल थांबण्यापूर्वीच जागा पकडण्यासाठी आत उडी घेणारी तरुण मुले असतात. गाडी ताशी १८ किलोमीटरने चालली असेल तर पाय पडताक्षणी पायांना सेकंदाला ५ मीटरचा वेग मिळतो. धड मात्र मागेच राहते. शरीर गाडीच्या मागच्या दिशेला कलंडते. उतरताना उलटे : फलाट पाय थांबवतो आणि धड पुढे जात राहते. पहिला नियम सीझन तिकीट बघत नाही.

घरी करून पाहावे

या धड्याला प्रयोगशाळा लागत नाही. कॅरमचा बोर्ड पुरे. पावडर न टाकता स्ट्रायकर ढकलावा; मग पावडर टाकून तेवढ्याच जोराने ढकलावा. दुसऱ्या वेळी तो कितीतरी लांब जातो. जोर तोच, कपात कमी. त्यानंतर सात-आठ सोंगट्यांची चळत रचून तळातल्या सोंगटीला स्ट्रायकर सपाट मारावा. तळातली सोंगटी निसटते आणि बाकीची चळत जागच्या जागी खाली बसते. हे जडत्व. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडावा. हवा एकीकडे आणि फुगा दुसरीकडे. हे रॉकेट. पाण्याने भरलेला तांब्या घेऊन घरातल्या घरात चालावे आणि एकदम थांबावे. पाणी का हिंदकळते, ते मुलांनाच सांगू द्यावे.

पालकांना एक विनंती. मुलाने उत्तर चुकवले तर लगेच बरोबर उत्तर सांगून मोकळे होऊ नये. 'तुला असे का वाटले?' एवढे विचारावे. ज्यांना स्वतःला शाळेत जाता आले नाही, त्या आजी-आजोबांनाही मुलांनी विहिरीचा रहाट, बैलगाडी, गोफण, जाते यांच्याविषयी विचारावे. त्यांच्या हातांना हे नियम माहीत असतात, फक्त नियमांची नावे माहीत नसतात. हात आणि पुस्तक यांची अशी गाठ पडली की धडा कायमचा लक्षात राहतो.

आता सुरुवातीला लिहून ठेवलेला कागद पुन्हा काढावा आणि तिन्ही उत्तरे आपल्या शब्दांत नव्याने लिहावीत. मग घरातल्या आणखी एखाद्याला तेच प्रश्न विचारून, त्याला समजेपर्यंत समजावून सांगावे. आपल्या वस्तीतल्या एका जरी मुलाने 'हे मला जमते' असे म्हणून पुढचा धडा उघडला, आणि एका जरी तरुणाने उद्या घराबाहेर पडताना हेल्मेटचा पट्टा लावला, तरी आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.